नर्सिंगचे प्रबंध आणि आमची उपकेंद्रं: शिकवलं कुणाला, मोजलं काय?

सड्यावरची सिस्टर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका आहे. उपकेंद्रांच्या सिस्टर आणि आशाताई यांच्या कामावर देखरेख ठेवणं ही माझी जबाबदारी. नर्सिंग कॉलेजांतल्या एम.एस्सी.च्या मुली संशोधनासाठी येतात तेव्हा त्यांना वाडीवाडीतून फिरवायचं कामही माझ्याकडेच येतं. इथे नर्सिंगमधले, डॉक्टर, शिक्षक आणि गावाकडे बाळंतपण झालेल्या बऱ्याच जणी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या मुलींचे विषय साधारण ठरलेले असतात. गरोदरपणातला रक्तक्षय, स्तनपान, नवजात बाळाची काळजी, मधुमेहींच्या पायांची निगा. पद्धतही बहुतेक वेळा एकच. बायकांना अंगणवाडीत बसवून तीस-चाळीस प्रश्नांची पूर्वचाचणी घ्यायची, फ्लिपचार्ट दाखवून पाऊण तास शिकवायचं, सात दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. सरासरी गुण वाढतात. दोन सरासरींची तुलना करणारी ‘टी’ चाचणी लावतात, ‘पी’ (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) ०.०५ च्या खाली येतो, गृहीतक मान्य होतं, शिक्षण कार्यक्रम परिणामकारक ठरतो. प्रबंध बांधून कॉलेजात जमा होतो. ज्या वाडीतून माहिती गेली तिथे एक कागदही परत येत नाही.

मुली मेहनती असतात हे आधीच सांगते. भर उन्हात सडा (कातळाचं माळरान) तुडवून घरं गाठतात, बायकांशी आदराने बोलतात. माझा आक्षेप त्या काय मोजतात त्याला आहे.

एक उदाहरण देते, तपशील बदलून. दुसऱ्या खेपेची गरोदर बाई. उत्तरचाचणीत लोहाच्या गोळीवरची सगळी उत्तरं बरोबर. रोज एक गोळी, १८० दिवस, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, लिंबू-आवळ्याबरोबर चांगली. महिन्याने रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन जागचं हललं नव्हतं. घरी गेले. गोळ्यांच्या पट्ट्या तांदळाच्या डब्यामागे, न फोडलेल्या. विचारलं तर म्हणाली, “सिस्टर, गोळी खाल्ल्यार मळमळता. आणि सासू म्हणता पोर काळा होतला. म्हणान ठेवन दिलंय.”

तिला माहिती नव्हती असं कुठे आहे? माहिती पुरेपूर होती. मळमळ झाली तर काय करायचं आणि घरात नको म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं, हे दोन प्रश्न त्या तीस-चाळीसात नव्हते. पुढे गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली, शौचाला काळी होते ती लोहामुळे, घाबरू नको, हे आधीच सांगून ठेवलं आणि सासूबाईंना समोर बसवून बोललो. मग पट्ट्या संपायला लागल्या.

देशाचं चित्र बघा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५०.४ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ५२.२ टक्के. मधल्या काळात आरोग्यशिक्षण थांबलं नव्हतं. प्रत्येक ग्राम आरोग्य पोषण दिनाला आम्ही बोललोच आहोत.

म्हणून विचारते. रुग्णशिक्षणावरचं नर्सिंगचं संशोधन गुणांवरून उठून वागण्यापर्यंत कसं जाईल? शिकवताना घरातला निर्णय घेणारा माणूस समोर असलाच पाहिजे हे अभ्यासाच्या आराखड्यात कसं घालायचं? आणि निष्कर्ष गावाला परत कसे द्यायचे? तुमचे अनुभव लिहा, विरोधातले असले तरी चालतील.

आकडेमोड | सोमवार, रात्री ११.०५

सिस्टर, धागा आवडला. मी सार्वजनिक आरोग्यातल्या अभ्यासांचं सांख्यिकी काम करतो, त्या बाजूने लिहितो.

एकच गट, आधी चाचणी, मग शिकवणी, मग तीच चाचणी, या आराखड्यातून शिकवणीचा परिणाम वेगळा काढताच येत नाही. प्रश्नावली एकदा वाचली की माणूस त्यावर विचार करतो, शेजारणीला विचारतो. दुसऱ्यांदा गुण वाढण्याचा काही भाग निव्वळ पहिल्या चाचणीचा असतो. यावर फार जुना उपाय आहे: सोलोमनचा चार गटांचा आराखडा. दोन गटांना पूर्वचाचणी द्यायची, दोघांना नाही, आणि प्रत्येक जोडीतल्या एकालाच शिकवायचं. त्याला माणसं जास्त लागतात, वेळ लागतो, म्हणून सहसा कुणी करत नाही. पण निदान तुलनेसाठी दुसरं उपकेंद्र घेणं अशक्य नाही.

दुसरं, वाटप बाईनिहाय करू नका, गावनिहाय करा. एका वाडीत अर्ध्या बायकांना शिकवलं तर संध्याकाळी विहिरीवर उरलेल्या अर्ध्यांना सगळं कळतं. गाव हे एकक धरलं की मात्र नमुन्याचा आकार वाढवावा लागतो, कारण एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या वागतात. साठ बायका दोन गावांतून घेतल्या तर सांख्यिकीच्या दृष्टीने तुमच्या हातात जवळपास दोनच गावं असतात.

हिमोग्लोबिन मोजणार असाल तर जपून. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे दुसऱ्या तिमाहीत आकडा आपोआप खाली येतो. बाराव्या आठवड्यातली बाई आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातली बाई यांची थेट तुलना करू नका. दोन्ही वेळा यंत्र एकच असू द्या. तुम्ही दिलेले सर्वेक्षणाचे आकडे बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरचे आहेत आणि त्या पद्धतीवर तज्ज्ञांत बराच वाद झाला आहे. ५०.४ चे ५२.२ झाले यावर फार भार टाकू नका. निम्म्या बायका रक्तक्षयी आहेत, एवढं धरून चालायला हरकत नाही.

प्रबंधवाली | मंगळवार, सकाळी ७.१५

मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय. सिस्टर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, कारण माझा आराखडा अगदी तुम्ही लिहिलाय तसाच आहे.

आमची बाजू सांगते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यात पहिल्या वर्षीच विषय निवडून आराखडा सादर करायचा, नैतिकता समितीची मान्यता घ्यायची, प्रश्नावली तज्ज्ञांकडून तपासून घ्यायची, मराठीत करून पुन्हा उलट भाषांतर करून पडताळायची, थोड्या लोकांवर चाचपून बघायची. हे होईपर्यंत दुसरं वर्ष लागतं. प्रत्यक्ष गावात माहिती गोळा करायला जेमतेम महिना मिळतो. सोबत वॉर्डातली ड्युटी आणि परीक्षा. सहा महिने एकाच बाईच्या मागे राहून तिच्या गोळ्या मोजायला आम्हाला कोण सोडणार?

आणि मार्गदर्शकांना ज्ञान मोजलेलं चालतं, कारण ते महिन्यात मोजून होतं. वर्तन मोजायचं म्हटलं की ‘व्याप्ती फार होते’ असा शेरा येतो. मला मनापासून काहीतरी उपयोगी करायचं आहे. आराखड्यात दुरुस्ती करायला अजून थोडी मुदत आहे. काय बदलू ते कुणीतरी सांगा.

नर्सिंग शिकवणारी | मंगळवार, दुपारी १.३०

मी या विषयाची शिक्षिका आहे, तेव्हा थोडा विरोधी सूर लावते. एम.एस्सी.चा प्रबंध ही संशोधन शिकण्याची पायरी आहे. साधन कसं बनवायचं, विश्वसनीयता कशी तपासायची, संमती कशी घ्यायची, हे त्यातून मुली शिकतात. त्यांच्याकडून तालुक्याचा रक्तक्षय हटवण्याची अपेक्षा धरणं त्यांच्यावर अन्याय आहे. गावाच्या प्रश्नांवर मोठे अभ्यास व्हायला हवेतच, पण ते निधी, माणसं आणि वर्षं मागतात.

मोठा अभ्यास कसा असतो त्याची आपल्याच राज्यातली ओळख करून देते. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करायच्या, आईला शिकवायच्या, श्वास कोंडलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या बाळावर उपचार करायच्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, त्या राष्ट्रीय कार्यक्रमामागे या कामाचा मोठा वाटा आहे. पण ते काम कुणा विद्यार्थिनीने महिनाभरात केलेलं नव्हतं.

वाडीवाडीतून | मंगळवार, रात्री ८.५०

मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख ठेवणारी, त्याआधी आशा होते. मॅडम, तुमचं पटतं, पण गडचिरोलीच्या त्या अभ्यासातला एक मुद्दा इथे निसटतोय. तिथे शिकवणारी बाई गावातलीच होती आणि शिकवून झाल्यावरही गावातच राहिली. आमच्याकडे शिकवणारी पाऊण तासात एसटी पकडते.

प्रबंधाची माहिती गोळा करताना बायकांना बोलावून आणणं, यादी काढणं, लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींना प्रश्न समजावून सांगणं, हे सगळं आशाताई करते. प्रबंधाच्या आभारपत्रातसुद्धा तिचा उल्लेख नसतो. तिला निदान निष्कर्ष तरी द्या. तिच्या गावात किती जणींनी काय चुकीचं सांगितलं हे तिला कळलं तर ती उद्यापासून तेवढंच धरून बोलेल.

वागण्याबद्दल माझा अनुभव गरोदर बायकांपेक्षा लावणीतल्या माणसांचा जास्त आहे. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका म्हणून शेतात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतो, २०० मिलिग्रॅम. गरोदर बाईला द्यायचं नाही, ते आधी विचारून घेतो. उंदीर-घुशींच्या मुतातून जंतू चिखलात येतो, पायाच्या भेगेतून शरीरात जातो, हे आता पोरंसोरंसुद्धा सांगतात. तरी माणूस गोळी हातात घेतो, खिशात ठेवतो, ‘घरी जावन खातंय’ म्हणतो आणि विसरतो. कारण पहाटे पेज पिऊन शेतात उतरलेल्या माणसाला दुपारी रिकाम्या पोटी ती गोळी बाधते. आम्ही वाटपाची वेळच बदलली. लावणीची न्याहारी बांधावर येते तेव्हा जायचं, खाणं झाल्यावर समोर गिळायला द्यायची. कुणाच्या ज्ञानात काही भर पडली नाही, गोळी मात्र पोटात गेली.

काजूच्या हंगामात तसंच. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप पसरला. गोचीड चावू नये म्हणून बागेत जाण्याआधी अंगाला लावायचं तेल वाटतात. पत्रकं सगळ्यांनी वाचली आहेत. पण तेल लावून काजू गोळा केले तर हाताचा वास काजूला लागेल, ही भीती मला एका काकींनी सांगितली तेव्हा कळली. तोवर आम्ही त्यांना गोचिडीचं जीवनचक्र समजावत होतो.

कणकवलीची लेक | बुधवार, सकाळी १०.२०

मी नर्स नाही, नुकतीच बाळंतीण होऊन उठले आहे. माझी गोष्ट या धाग्यात बसते म्हणून लिहिते.

माझं नाव मुंबईत नोंदवलेलं. तिथल्या रुग्णालयात सिस्टरनी फार छान समजावलं. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायचं, पहिला पिवळसर चीक टाकायचा नाही, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही, नाळेला काही लावायचं नाही. नवराही सोबत होता, त्यानेही ऐकलं. सातव्या महिन्यात कोकणकन्येने माहेरी आले. बाळंतपण इकडेच झालं. आणि घरी आल्यावर सगळा कारभार आईच्या आणि आजीच्या हातात. त्या दोघींना कुणी काहीच शिकवलेलं नव्हतं. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, खिडक्या बंद, बाळाला मधाचं बोट. नवरा मुंबईत, फोनवर. मी टाके पडलेल्या अवस्थेत भांडणार किती?

तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी मला एक अक्षर सांगितलं नाही. त्या सरळ आजीजवळ बसल्या आणि विचारलं, “आज्ये, तुज्या वेळाक कसा करी होते?” आजी अर्धा तास बोलली. मग त्यांनी शेकाला, तेलाच्या मालिशीला नाही म्हटलं नाही. फक्त शेगडी कोंडलेल्या खोलीत ठेवली तर धुराने आई आणि बाळ दोघांचा जीव गुदमरतो, खिडकी उघडी हवी, आणि मधातून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, एवढंच म्हणाल्या. जाताना आजीकडूनच वदवून घेतलं की बाळ दूध ओढेनासं झालं, गार पडलं, छाती आत ओढायला लागलं, तर काय करायचं. आजीने पुढच्या फेरीला त्यांना आपण होऊन सांगितलं, मध बंद केलंय म्हणून.

मुंबईतल्या सिस्टरचं शिकवणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण माहेरच्या गावात ज्यांच्या हातात बाळ जाणार, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

ओपीडीतून | बुधवार, दुपारी ३.१०

ताई, मधाचं बरोबर आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या एका गंभीर विषबाधेचा, धोका असतो.

आशाताईंनी आजीकडून वदवून घेतलं, त्या पद्धतीवर थोडं लिहितो. सांगून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘आता घरी जाऊन सासूबाईंना कसं सांगाल, मला सांगून दाखवा’ असं म्हणायचं. जे चुकलं ते आपण नीट सांगितलं नाही असं धरून पुन्हा सांगायचं, पुन्हा विचारायचं. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मधुमेहींवर झालेल्या एका अभ्यासात ६१ भेटी ध्वनिमुद्रित करून ऐकल्या. त्यातल्या फक्त १२ भेटींत डॉक्टरांनी रुग्णाला नवी गोष्ट समजली का हे तपासलं होतं. ज्यांचं तपासलं गेलं त्यांची साखर आटोक्यात असण्याची शक्यता जास्त होती. शहाण्या डॉक्टरांची ही स्थिती, तर ऐंशी रुग्णांच्या ओपीडीत माझं काय होत असेल ते समजून घ्या. वेळ हा खरा अडथळा आहे. प्रत्येकाकडून सगळं वदवून घेणं मला शक्य नाही.

सड्यावरची सिस्टर | बुधवार, रात्री १०.००

डॉक्टर, सगळं नकोच. एका भेटीत एकच गोष्ट वदवून घ्या. आज गोळीची वेळ, पुढच्या खेपेला धोक्याची लक्षणं. आमच्या एका उपकेंद्रात सिस्टर असंच करते. माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते काय वदवून घेतलं ते, म्हणजे पुढची भेट तिथून सुरू होते. बाई माहेरी गेली तरी तिकडच्या सिस्टरला ते वाचता येतं. कणकवलीच्या ताईंनी सांगितलेली अडचण याने थोडी कमी होईल.

नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडम, तुमचा मुद्दा मी डावलत नाही. एका मुलीवर मोठ्या अभ्यासाचं ओझं नको. पण दर वर्षी नवी तुकडी येते ना? प्रत्येक तुकडी नव्या गावात नव्याने सुरुवात का करते? एका तुकडीने गावाची आजची स्थिती नोंदवावी, पुढच्या तुकडीने तिथेच शिकवण्याची पद्धत बसवावी, त्यापुढच्या तुकडीने जाऊन बघावं काय टिकलं. प्रत्येकीचा प्रबंध स्वतंत्र, महिन्याभरात होण्याजोगा, आणि कॉलेजच्या हातात एकाच गावाचा सलग अभ्यास. याला वेगळा निधी लागत नाही. कॉलेज आणि केंद्र यांनी बसून गावं ठरवायची, एवढंच लागतं. आणि पहिल्या तुकडीचे निष्कर्ष दुसरीला हवे असतील तर ते गावातच राहतील, आशाताईच्या वहीत.

समोरासमोर पाऊण तासाचं व्याख्यान देण्याऐवजी बायकांनी आपसात बोलून मार्ग काढला तर काय होतं, याचा पुरावा झारखंड आणि ओडिशातून आलेला आहे. ‘एकजूट’ संस्थेचा अभ्यास, २०१० साली प्रसिद्ध झाला. स्थानिक बाई गटाची बैठक चालवायची, दर महिन्याला एक, असं वीस बैठकांचं चक्र. आधी गावातल्या आया-बाळांच्या अडचणी बायकांनीच शोधायच्या, मग उपाय ठरवायचे, मग करून बघायचे, शेवटी काय झालं ते तपासायचं. गोष्टी, खेळ, चित्रपत्ते. तीन वर्षांत या गावांत नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी निघाला. तिथे घरची बाळंतपणं जास्त होती, आपल्याकडे बहुतेक रुग्णालयात होतात, म्हणून तोच आकडा इथे येईल असं म्हणत नाही. पण बैठकीची रीत आपल्याकडे परकी नाही, बचत गट वाडीवाडीत आहेत.

आणखी एक. २०१८ च्या शेवटी केंद्राने सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली. परिचारिकेला १८ महिन्यांचं जादा प्रशिक्षण देऊन साध्या बाळंतपणाची जबाबदारी तिच्याकडे द्यायची अशी ती योजना. त्यात गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत तीच बाई सोबत असणं हा गाभा आहे. रुग्णशिक्षणाच्या दृष्टीने मला ते फार मोलाचं वाटतं. नऊ महिने ओळख असलेली सुईण ‘गोळ्या कुठे ठेवल्यास?’ असं थेट विचारू शकते. कोकणात हे लवकर यावं असं मनापासून वाटतं.

बंदरावरून | गुरुवार, सकाळी ६.३०

मी मच्छीमार कुटुंबातला. आरोग्यातलं शिक्षण नाही, पण वेळेबद्दल बोलतो. तुमचा आरोग्य पोषण दिन सकाळी अकराला सुरू होतो. आमच्या बंदरावर होड्या लागण्याची वेळ रोज सारखी नसते. होडी लागली की बाई लिलावाला, मग टोपली घेऊन बाजाराला. ती अंगणवाडीत येत नाही म्हणून तुमच्या नोंदीत ‘सहकार्य नाही’ लागतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, पुरुष घरी जाळी दुरुस्त करत बसलेले. नवरा, सासू, सून तिघं एका पडवीत मिळायची तर ते दोन महिने धरा. शेतीवाल्या गावांत मात्र नेमकी तेव्हाच लावणी, तिथे वेगळी वेळ काढा.

आणि माझ्या आईचं रक्तदाबाचं. तिला प्रत्येक वेळी सांगतात, मीठ कमी करा. ती आमटीत मीठ कमी घालतेही. पण पावसात ताजी मासळी नसते, तेव्हा सुका बांगडा, जवळा, गोलमो रोजच्या जेवणात, त्यात लोणचं. मीठ तिथून जातं हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं. शेवटी एका सिस्टरने घरात काय शिजतं ते विचारलं. मग सुकी मासळी दोनदा पाणी बदलून भिजवायची, आठवड्यातून दोनदाच करायची, असं ठरलं. आईने ते पाळलं, कारण मासळी बंद करा असं कुणी म्हटलं नाही.

सड्यावरची सिस्टर | गुरुवार, सकाळी ९.१५

दादा, हे फार कामाचं सांगितलंत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, पण त्या ५ ग्रॅममध्ये सुक्या बांगड्याचा हिशेब कुठल्याच फ्लिपचार्टवर नसतो. लोहाचंही तसंच होतं. चित्रात सफरचंद आणि बीट. आमच्या परसात शेवग्याचा पाला, टाकळा, अळू, घरात कुळीथ, खाडीत तिसऱ्या (शिंपल्या). बाजारातून विकत आणायचं चित्र दाखवलं की बाईला वाटतं हे आपल्याला परवडणारं नाही, आणि ती पुढचं ऐकत नाही.

प्रबंधवाली | गुरुवार, रात्री ९.५५

सगळं दोनदा वाचलं आणि मॅडमशी बोलले. आराखडा बदलतेय. ज्ञानाच्या प्रश्नावलीऐवजी महिनाअखेरीला घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजायच्या, आणि गोळी चुकली तर का, हे खुलं विचारायचं. शिकवणी घरी, निर्णय घेणाऱ्या माणसासोबत, शेवटी दोघांकडून वदवून घ्यायचं. तुलनेच्या उपकेंद्रात नेहमीची पद्धत. दोन शंका आहेत. सासूबाईंची वेगळी संमती घ्यावी लागेल का? आणि तुलनेच्या गावातल्या बायकांना काहीच न सांगता महिनाभर थांबणं मला पटत नाही.

आकडेमोड | गुरुवार, रात्री १०.४०

सासूबाई अभ्यासात बोलणार, त्यांचं उत्तर नोंदलं जाणार, म्हणजे त्याही सहभागी. संमती वेगळी आणि बाईच्या संमतीनंतर. आधी बाईला एकटीला विचारा, सासूला बसवलेलं तिला चालेल का. नाही म्हणाली तर तिची निवड मान्य करा आणि तशी नोंद ठेवा. गोळ्या मोजताना लक्षात ठेवा, तुम्ही येणार हे माहीत असलं की काही जणी पट्ट्या रिकाम्या करून ठेवतात. म्हणून भेटीचा दिवस आधी सांगू नका, आणि शक्य तिथे केंद्रातलं हिमोग्लोबिनही जोडीला घ्या. गावं मोजकी आहेत, तेव्हा निष्कर्षात ‘सिद्ध झालं’ असं न लिहिता काय दिसलं ते लिहा.

सड्यावरची सिस्टर | गुरुवार, रात्री ११.१०

बाळा, दुसऱ्या शंकेचं उत्तर देते. तुलनेच्या गावात कुणालाही काही नाकारायचं नाही. गोळ्या तिथेही मिळतात, सिस्टर नेहमीप्रमाणे सांगतेच. धोक्याची लक्षणं, म्हणजे अंगावरून रक्त जाणं, झटके, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल कमी होणं, ही दोन्हीकडे सारखीच सांगायची. तुलना फक्त घरी जाऊन वदवून घेण्याच्या पद्धतीची. आणि ज्या बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघेल ती कुठल्याही गावातली असो, त्याच दिवशी वरच्या रुग्णालयात. उपचाराच्या गोळ्या सुरू असलेल्या बाईचं महिन्याभरात १ ग्रॅमनेही वाढलं नाही तरी तसंच. हे आराखड्यात आधीच लिहून टाक, समितीही विचारेल. महिना संपला की तुलनेच्या गावात तीच पद्धत न्यायची, हेही लिही.

सोमवारी केंद्रावर ये. रजिस्टर काढून ठेवते. खाडीच्या अलीकडची दोन उपकेंद्रं आणि पलीकडची दोन घेऊ, मध्ये पूल लांब असल्यामुळे बायकांची रोजची ये-जा नाही. चारही उपकेंद्रांच्या आशाताईंना बोलावते. प्रश्न कसे विचारायचे ते आधी त्यांच्याकडूनच ऐकून घे.